१४ महिन्यांची मुलगी वस्तू फक्त चाखते, आपटते आणि फेकते; तिच्या खेळाला घरी कशी मदत करावी?

प्रश्न: नाशिककर आई

नमस्कार. माझी मुलगी १४ महिन्यांची आहे. ती ३० व्या आठवड्यात जन्मली आणि सुरुवातीला बरेच दिवस एनआयसीयूमध्ये, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होती. काही काळ तिला नाकातल्या नळीने दूध द्यावे लागले. आता तिचे वजन, झोप आणि खाणे यांबाबत आमचे बालरोगतज्ज्ञ समाधानी आहेत, डोळ्यांची आणि कानांची तपासणीही व्यवस्थित निघाली आहे. ती आधाराशिवाय बसते, रांगते आणि पलंगाला धरून उभी राहते. मला विचारायचे आहे ते तिच्या खेळाविषयी.

पहिल्या वाढदिवसाला घरात खेळण्यांचा ढीग जमला. त्यात बटण दाबले की गाणी म्हणणारी गाडी आहे, अक्षरे बोलून दाखवणारे टेबल आहे, एकावर एक घालायच्या रंगीत रिंगा आहेत, बाहुली आहे. यांपैकी कशाकडेही ती फार वेळ पाहत नाही. रिंगा ती दांड्यात घालत नाही, त्या चावते. बाहुलीचे केस तोंडात घालते आणि तिला बाजूला टाकते. स्वयंपाकघरातली स्टीलची वाटी मात्र हाती लागली की तोंडाला लावणे, फरशीवर आपटणे आणि खुर्चीत बसली असेल तर खाली टाकून वाकून पाहणे, असे ती कितीही वेळ करू शकते. माझ्या नणंदेचा मुलगा तिच्याच वयाचा आहे. तो खेळण्यातला फोन कानाला लावतो आणि बाहुलीला चमच्याने भरवतो. ते पाहिले की मन चरकते.

दुसरी गोष्ट अशी की ओले आणि चिकट काहीही तिला हाताला लागलेले चालत नाही. भाताचे शीत बोटाला चिकटले तरी ती हात झटकते आणि रडते.

सासूबाईंचे म्हणणे आहे की तोंडात घालण्याची सवय आताच मोडली पाहिजे. माझे यजमान वेगवेगळे स्पर्श आणि आवाज अनुभवायला देणाऱ्या खेळण्यांचा एक महागडा ‘सेन्सरी किट’ मागवावा असे म्हणत आहेत. तोंडात घालणे आणि आपटणे किती काळ स्वाभाविक मानावे, वस्तूचा वापर तिच्या कामाप्रमाणे करण्याकडे तिला कसे न्यावे आणि त्यासाठी खरोखर काही विकत घ्यावे लागते का, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

उत्तर: बालविकास_ओटी

ताई, मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे खेळ आणि रोजच्या कृतींतून मुलांची कौशल्ये वाढवण्याचे काम करते, आणि तीन वर्षांखालची मुले माझ्याकडे येतात. मुलीला न पाहता तिच्याविषयी निदान सांगणे योग्य नाही, म्हणून मी सर्वसाधारण माहितीच देते.

सर्वांत आधी वयाचा हिशेब मांडू या, कारण तुमच्या बऱ्याचशा काळजीचे उत्तर त्यातच आहे. पूर्ण दिवसांचे बाळंतपण ४० आठवड्यांचे धरतात. तुमची मुलगी दहा आठवडे आधी आली, म्हणजे विकासाच्या दृष्टीने तिचे वय साधारण साडेअकरा महिने आहे. याला आम्ही करेक्टेड एज म्हणतो आणि वेळेआधी जन्मलेल्या मुलांचा विकास दोन वर्षांपर्यंत याच वयाने पाहायचा असतो. (लसीकरण मात्र जन्मतारखेनुसारच करायचे.) नणंदेच्या मुलाशी तुलना करताना तुम्ही तिच्यावर अडीच महिन्यांचा जास्तीचा भार टाकत आहात आणि या वयात अडीच महिन्यांत मूल फार पुढे जाते.

आता तिच्या खेळाविषयी. मूल वस्तूला आधी अंगाने ओळखते आणि मग तिच्या उपयोगाने. पहिल्या वर्षात ओठ आणि जीभ हे स्पर्श ओळखण्याचे सर्वांत तयार अवयव असतात. वस्तू गार आहे की कोमट, गुळगुळीत आहे की खरखरीत, कडक आहे की दबणारी, हे बाळाला बोटांपेक्षा तोंडाने आधी आणि अधिक नेमके कळते. वर्ष संपता संपता हे काम हळूहळू डोळे आणि बोटे आपल्याकडे घेतात आणि वस्तू तोंडात घालणे साधारणपणे १२ ते १८ महिन्यांच्या दरम्यान कमी होत जाते; दात येत असतील तर मध्येच ते वाढते. तुमच्या मुलीला सुरुवातीला नळीने दूध मिळाले आहे. अशा मुलांपैकी काहींना तोंडाशी आलेली वस्तू अजिबात सहन होत नाही. ती स्वतःहून वस्तू तोंडात घेते आहे ही चांगली गोष्ट आहे आणि सासूबाईंना हे कारण सांगितले तर त्यांनाही ते पटेल असे वाटते. सवय मोडण्याऐवजी तोंडात जाणारी वस्तू स्वच्छ आणि पुरेशी मोठी आहे ना, एवढेच पाहावे.

आपटणे आणि टाकणे यांतही शिकणे आहे. स्विस मानसशास्त्रज्ञ झां पियाजे यांनी आपल्या तिन्ही मुलांच्या बारीक निरीक्षणांवर आधारलेले पुस्तक १९३६ साली प्रसिद्ध केले. एखाद्या कृतीचा परिणाम आवडला की बाळ ती तशीच पुन्हा पुन्हा करते आणि वर्षाच्या आसपास मात्र तीच कृती जरा बदलून करून पाहू लागते, हे त्यांनी त्यात दाखवले. तुमची मुलगी वाटी फरशीवर आपटते तशी सतरंजीवरही आपटते का, वाटी टाकण्याची उंची किंवा दिशा बदलते का, हे बारकाईने पाहा. तसे होत असेल तर ती प्रयोग करते आहे. खाली टाकून वाकून पाहण्यात दोन गोष्टी आहेत. मूठ आपल्या इच्छेने उघडणे हे मूठ आवळण्यापेक्षा अवघड असते आणि ते उशिरा येते. ती त्याचा सराव करते आहे. शिवाय नजरेआड गेलेली वस्तू कुठेतरी असते, हे तिला कळले आहे. पुढे याच सोडण्यातून डब्यात वस्तू टाकणे येते आणि मग रिंगा दांड्यात घालणे येते. रिंगांचा खेळ डब्याच्या खेळानंतरचा आहे, त्यामुळे तो तिला आज जमत नसेल तर त्यात वावगे काही नाही.

वस्तू तिच्या कामाप्रमाणे वापरणे साधारण एक वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि त्याचाही एक क्रम असतो. मूल रिकामा पेला आधी स्वतःच्या तोंडाला लावते, कंगवा स्वतःच्या डोक्यावर फिरवते. त्यानंतर ते आईला किंवा आजोबांना पाजते, त्यांचे केस विंचरते. बाहुलीला भरवणे बहुतेक मुलांत त्याच्याही नंतर, दीड वर्षाच्या आसपास येते. म्हणून सुरुवात बाहुलीपासून करू नका. तिच्या स्वतःच्या पेल्यापासून, कंगव्यापासून आणि टोपीपासून करा. रोज आंघोळीनंतर केस विंचरताना कंगवा क्षणभर तिच्या हातात द्या आणि थांबा. हे थांबणे फार मोलाचे आहे. आपण मोठी माणसे दोन सेकंदांत हात पुढे करतो; मुलाला वस्तू पाहून, आठवून, हात वळवून कृती करायला त्याहून बराच जास्त वेळ लागतो.

किट विकत घ्यावा का, या प्रश्नाला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. जमैकातल्या किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांसोबत काम केले. त्यांतल्या काही कुटुंबांकडे आरोग्य कार्यकर्त्या दोन वर्षे दर आठवड्याला तासभर जात, घरगुती सामानातून बनवलेली खेळणी नेत आणि त्यांच्याशी मुलाला कसे खेळवायचे ते आईला दाखवत. त्या मुलांची बौद्धिक प्रगती इतरांपेक्षा चांगली झाली, हे १९९१ साली प्रसिद्ध झाले. पुढे २०१४ साली असेही दिसून आले की तीच मुले मोठी झाल्यावर त्यांची कमाई तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी अधिक होती. त्या खेळण्यांत विकत घेण्यासारखे जवळजवळ काही नव्हते. आई मुलासमोर बसत होती आणि काय करायचे ते तिला माहीत होते.

गाणारी गाडी तिला का आवडत नाही, याचेही कारण सांगते. अशा खेळण्यात मूल एकदा बटण दाबते आणि उरलेले सगळे खेळणेच करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोवी-कोलियर यांनी तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला रिबन बांधून तिचे दुसरे टोक पाळण्यावर टांगलेल्या खेळण्याला जोडले, तेव्हा आपण पाय झाडला की ते हलते हे बाळांनी काही मिनिटांत ओळखले आणि पाय झाडण्याचा वेग वाढवला. आठवड्याभरानंतरही ते त्यांच्या लक्षात होते. आपल्यामुळे काय घडले हे जिथे दिसते तिथे मूल रमते. वाटी जोरात आपटली की जोरात वाजते, हळू आपटली की हळू वाजते. गाडीचे गाणे मात्र तिने काहीही केले तरी तेच राहते.

आता घरी काय करता येईल ते सांगते. मोठ्या खेळण्यांपैकी बहुतेक आत ठेवा आणि एका वेळी चार-पाच वस्तूच बाहेर काढा. अमेरिकेत टोलेडो विद्यापीठात १८ ते ३० महिन्यांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिले, तेव्हा चारच खेळणी असताना ती प्रत्येक खेळण्याशी अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. खेळताना टीव्ही बंद असावा. कोणी पाहत नसला तरी मागे चालणाऱ्या टीव्हीने लहान मुलांचा खेळ तुटक होतो, हेही अभ्यासातून दिसले आहे. ती बसते तेव्हा तिचे कंबर आणि पाय स्थिर आहेत ना, ते पाहा. वेळेआधी जन्मलेल्या काही मुलांच्या धडात ताकद उशिरा येते. तोल सांभाळण्यातच शक्ती गेली तर हात खेळायला मोकळे राहत नाहीत. गरज वाटल्यास तिला तुमच्या पायांच्या मध्ये बसवा, मात्र वस्तू देताना तुमचा चेहरा तिला दिसेल असे बसणे अधिक चांगले.

तुम्हीही तशीच एक वाटी घ्या. ती आपटेल तशी आधी तुम्ही आपटा आणि तिच्याकडे पाहा. ती थांबून तुमच्याकडे पाहील, पुन्हा आपटेल. अशी देवाणघेवाण दोन-तीन वेळा झाल्यावर तुम्ही एकच नवी गोष्ट करा: चमचा वाटीत फिरवा किंवा वाटी तोंडाला लावून ‘सुर्र’ असा आवाज करा. तिने नक्कल केली तर उत्तम, नाही केली तर पुन्हा तिच्या आपटण्याकडे परत या. तिचा हात धरून कृती करवून घेऊ नका. मदत करावीच लागली तर तुमचा हात तिच्या हाताच्या खाली ठेवा, म्हणजे नको असेल तेव्हा तिला हात काढून घेता येईल. बोलणेही थोडेच ठेवा. ‘वाटी’, ‘टाकली’, ‘गेली कुठे?’ एवढे पुरे.

ओल्या स्पर्शाविषयी: एनआयसीयूत राहिलेल्या मुलांच्या त्वचेला आयुष्याच्या सुरुवातीलाच सुया, चिकटपट्ट्या आणि नळ्या यांचा अनुभव आलेला असतो आणि त्यांतल्या काही मुलांना पुढे स्पर्श नकोसे वाटतात. हात भातात बुडवून सवय लावण्याचा प्रयत्न करू नये, त्याने भीतीच वाढते. कोरड्या स्पर्शापासून सुरुवात करा: सुती साडीचा तुकडा, टॉवेल, घोंगडी, लाकूड, स्टील. मग घमेल्यात दोन बोटे पाणी आणि त्यात तिची आवडती वाटी. चिकट पदार्थ आधी चमच्याच्या टोकावर असू द्या, म्हणजे तो तिच्या बोटांपासून लांब राहील. शिजवलेला लाल भोपळा किंवा मऊ वरणभात ती चमच्याने ढवळू शकेल. शेजारी ओला रुमाल ठेवा आणि तिने हात पुढे करताच तो पुसून द्या. हवे तेव्हा हात स्वच्छ होतो हे कळले की मुले धीट होतात.

उत्तर: निवृत्त_बालवाडी_बाई, पालघर

वरील उत्तर वाचून फार समाधान वाटले. मी आयुष्यभर बालवाडीत काम केले आणि ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांची तयारी पालघर जिल्ह्यातल्या कोसबाडला झाली होती, म्हणून त्या परंपरेतले थोडे सांगावेसे वाटते.

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. गुजरातमधले बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम करताना माँटेसरी पद्धतीचा त्यांनी सखोल अभ्यास केला होता. परंतु परदेशी धर्तीची महागडी साधने खेड्यात परवडणारी नव्हती. तेव्हा ताराबाईंनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंपासून साधने केली आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडीची कल्पना तिथली. पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी काम सुरू झाले, तेव्हा पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवणारी विकासवाडी उभी राहिली, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेतल्याशिवाय मोठ्या मुलीला घरातून निघताच येत नसे. तुमच्या मुलीच्या वयाची बाळे तिथे अशी आपोआपच आली.

आपल्या घरांत या वयासाठी पूर्वीपासून वस्तू होत्याच. पाळण्यावर चिमणाळे, म्हणजे टांगत्या चिमण्यांचे खेळणे असे, मग खुळखुळा हाती येई, उभे राहू लागले की पांगुळगाडा आणि त्यानंतर बोळकी, सुपली आणि भातुकली. यांतले कोणतेही खेळणे स्वतःहून काही करत नाही. मूल जेवढे करील तेवढेच ते करते. आज चिमणाळे आणि पांगुळगाडा शोधत बसण्याची गरज नाही. तुम्ही पोळ्या करताना तिला शेजारी, शेगडीपासून चांगली लांब, बसवा आणि एका परातीत तिचे स्वतःचे सामान द्या: एक डबा झाकणासह, दोन वाट्या एकात एक बसणाऱ्या, लाकडी पळी, पिठाची लहान चाळणी, मोठ्या दातांचा कंगवा, नारळाची घासून गुळगुळीत केलेली करवंटी. इंग्लंडच्या एलिनॉर गोल्डश्मीड यांनी बसू लागलेल्या बाळांसाठी अशाच नैसर्गिक आणि घरगुती वस्तूंची टोपली सुचवली होती आणि मोठ्या माणसाने जवळ बसून, न बोलता, नुसते लक्ष ठेवावे असे त्यांचे सांगणे होते. आपल्याला न बोलता बसणे जड जाते, पण थोडा वेळ तसे बसून पाहाच.

बालवाडीत माझ्यासमोर घडलेली एक गोष्ट सांगते. एका मदतनीस बाईंची दहा-अकरा महिन्यांची मुलगी डब्याचे झाकण नुसते चाटत बसे. एकदा ते झाकण तिच्या हातून सुटून डब्याच्या काठावर तिरके अडकले. तिने ते काढले, पालथे केले, पुन्हा काठावर टेकवले, हाताने दाबले. ते बसले नाही. आई मदतीला पुढे आली, तेव्हा मी तिला खुणेनेच थांबवले. मुलीने झाकण फिरवले, ते आत घसरले, तिने डबा उपडा करून झाकण बाहेर पाडले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. झाकण त्या दिवशी बसलेच नाही. तरी तिचे चाटणे संपले होते आणि ‘हे याच्यावर असते’ हे तिला उमगले होते.

सासूबाईंना या कामात अवश्य घ्या. आपडी-थापडी, चाऊमाऊ, अडगुलं-मडगुलं हे त्यांच्याकडे आहेच. आळीपाळीने करण्याची, थांबण्याची आणि पाहण्याची सवय मुलाला याच खेळांतून लागते.

नाशिककर आई

आपणा दोघींचे मनापासून आभार. करेक्टेड एजचा उल्लेख डिस्चार्ज कार्डावर होता, पण खेळाचाही हिशेब त्यानुसारच करायचा असतो हे कोणी समजावले नव्हते. सासूबाईंना आपली उत्तरे वाचून दाखवली. त्यांनी स्वतःच माळ्यावरून एक जुना पितळी डबा आणि जत्रेतली रंगीत लाकडी खेळणी काढली आहेत. ती द्यावीत का? शिवाय कोणत्या वस्तू मुळीच देऊ नयेत आणि कोणती लक्षणे दिसली तर वाट न पाहता तपासणी करावी, हेही कळले तर बरे होईल.

उत्तर: कोल्हापूरचा बाबा

तपासणीविषयी एका पालकाचा अनुभव लिहितो. माझ्या मुलाला ऑटिझम आहे. तो आता शाळेत जातो. दीड वर्षाचा असताना तोही वस्तू चाखत, आपटत असे, परंतु आमचे लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टींनी. गाडी मिळाली की तो ती उलटी करून फक्त एक चाक फिरवत राही आणि चाक थांबवले तर त्याला ते मुळीच सोसत नसे. नावाने हाक मारली तर तो वळत नसे. हवी असलेली वस्तू तो बोटाने दाखवत नसे. माझे मनगट धरून माझा हातच त्या वस्तूवर नेऊन ठेवी. गंमत वाटली की मुले वस्तू उचलून आपल्याला दाखवतात, तसे त्याने कधी केले नाही. तुमची मुलगी वाटी टाकल्यावर तुमच्याकडे पाहते का, हे मला वाटते की वाटी टाकण्यापेक्षा अधिक पाहण्यासारखे आहे.

आम्ही जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात गेलो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, त्याखाली ही केंद्रे चालतात आणि तिथली तपासणी व उपचार मोफत असतात. याच कार्यक्रमाचे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्यामुळे मुलीचे नाव जवळच्या अंगणवाडीत नोंदवलेले असू द्या, मग तुम्ही शहरात राहत असा वा खासगी डॉक्टरांकडे जात असा.

थेरपीत आम्हाला पहिली गोष्ट शिकवली ती हीच, की चाक हिरावून घ्यायचे नाही. त्याच्यासोबत आम्हीही चाक फिरवायचे आणि तो आमच्याकडे पाहू लागला की गाडी सरळ करून एकदाच ढकलायची. बरेच महिने तो गाडी पुन्हा उलटीच करत असे. मग तो ढकललेल्या गाडीची वाट पाहू लागला आणि नंतर स्वतः ढकलू लागला. आजही ताण आला की त्याला चाक फिरवावेसे वाटते आणि आम्ही ते फिरवू देतो. तुमच्या मुलीला असे काही असेल असे मी अजिबात सुचवत नाही. शंका वाटली तर पालकांनी ‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘आपोआप होईल’ अशा सांगण्यावर महिने घालवू नयेत, एवढ्याचसाठी हे लिहिले.

उत्तर: बालविकास_ओटी

कोल्हापूरच्या बाबांनी फार नेमके लिहिले आहे. पुन्हा पुन्हा तेच करणे हे या वयात सर्वच मुलांत दिसते. त्या पुनरावृत्तीत माणसांना सामावून घेतले जाते का आणि आठवड्यांगणिक तिच्यात थोडा फरक पडतो का, हे पाहायचे.

तुमच्या मुलीच्या बाबतीत पुढील गोष्टींवर लक्ष ठेवा आणि सर्व वये करेक्टेड धरा. एक वर्षापर्यंत हाकेला वळणे, बडबडणे आणि टाटा करणे, हात पुढे करणे अशा खुणा दिसायला हव्यात. दीड वर्षापर्यंत बोटाने दाखवणे आणि पेला, चमचा, कंगवा यांपैकी काही वस्तू कामाप्रमाणे वापरणे दिसायला हवे. येत असलेली गोष्ट येईनाशी झाली, तर वय कितीही असो, तात्काळ दाखवा. आणखी एक गोष्ट वेळेआधी जन्मलेल्या मुलांच्या पालकांना मी आवर्जून सांगते: या वयात मूल दोन्ही हात जवळजवळ सारखेच वापरते. तुमची मुलगी प्रत्येक वस्तू एकाच हाताने उचलत असेल आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली राहत असेल, तर ‘ती डावखुरी आहे’ किंवा ‘उजव्याच हाताची आहे’ असे समजून थांबू नका. त्याची तपासणी लवकर व्हायला हवी. दोन्ही हातांत एकेक वस्तू देऊन ती एकमेकींवर वाजवते का, हे घरीही पाहता येते.

आता वस्तूंविषयी. पितळी डबा सध्या देऊ नका. जुन्या पितळेत शिसे असू शकते आणि तुमची मुलगी सर्व काही तोंडात घालते आहे, म्हणून स्टील, लाकूड आणि कापड बरे. जत्रेतली जुनी रंगीत खेळणी शोभेसाठी ठेवा, कारण जुन्या रंगांतही शिसे असण्याची शक्यता असते आणि रंगाचे पोपडे पोटात जातात. नवे खेळणे घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते १ जानेवारी २०२१ पासून बंधनकारक आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांची आणि भौगोलिक मानांकन असलेली खेळणी यातून वगळली आहेत, त्यामुळे कर्नाटकातल्या चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यावर चिन्ह नसले तर त्यात गैर नाही. ती खात्रीच्या ठिकाणाहून घ्यावीत.

घशात अडकण्याजोग्या वस्तू तपासण्यासाठी खेळण्यांच्या मानकांत ३१.७ मिलीमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात. घरी त्याहून सावध राहून चार सेंटिमीटरपेक्षा लहान काहीच देऊ नये. शेंगदाणे, फुटाणे, चिंचोके, सागरगोटे, मणी आणि नाणी तिच्या हाती लागता कामा नयेत. लाल-काळ्या गुंजा दिसायला सुंदर असतात, पण त्या विषारी आहेत. घरात असतील तर काढून टाका. डाळ-तांदळाच्या परातीत मुले खेळतानाचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. जे मूल अजून वस्तू तोंडात आणि नाकात घालते त्याच्यासाठी तो खेळ नाही.

सर्वांत गंभीर धोका बटणासारख्या चपट्या बॅटरीचा आहे आणि गाणाऱ्या खेळण्यांत, रिमोटमध्ये, वाजणाऱ्या शुभेच्छापत्रांत ती असते. ती अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून भाजू शकते. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवण्याचा प्रयत्न न करता थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात जावे. वाढदिवसाच्या प्रत्येक खेळण्याचे बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद होते का, ते आजच पाहा. नुसत्या खटक्याने उघडत असेल तर ते खेळणे बाजूला काढा. पाण्याचा खेळ संपला की घमेले लगेच रिकामे करा आणि न्हाणीघरातल्या बादल्या रिकाम्या ठेवा किंवा दार बंद ठेवा. धरून उभे राहणारे मूल बादलीत डोकावताना डोक्यावर पडते आणि त्याला स्वतःला वर काढता येत नाही.

तुमच्या रुग्णालयात एनआयसीयूतून घरी गेलेल्या मुलांच्या पुढच्या तपासण्यांसाठी हाय रिस्क फॉलोअप क्लिनिक असेल, तर ती ठीक दिसत असली तरी पुढची तारीख चुकवू नका. जाण्याआधी तिच्या खेळाचे दोन-तीन मिनिटांचे एक-दोन व्हिडिओ घरीच काढून ठेवा, एक ती एकटी वाटीशी खेळत असताना आणि एक तुम्ही किंवा सासूबाई समोर बसलेल्या असताना. नव्या जागी, अनोळखी माणसांसमोर या वयाची मुले सहसा काहीच करून दाखवत नाहीत. व्हिडिओत तिचे दोन्ही हात आणि चेहरा दिसेल असे पाहा.